कालच दिली खोली

१९९४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नाशिकला आलो तेव्हा आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि एक स्टोव्ह होता. सातपूरच्या एका कारखान्यात हंगामी काम लागले होते. काम मिळाले, पण राहायला जागा नव्हती. नात्यातल्या एका घरी पडवीत झोपायचे आणि रोज संध्याकाळी खोली शोधत फिरायचे, असा आमचा क्रम होता.

जेथे 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसे, तेथे आम्ही चौकशी करीत असू. घरमालक आधी बरे बोलत. पाणी किती वेळ येते, भाडे किती, संडास कोठे आहे, सगळे सांगत. मग विचारत, "गाव कुठलं? आडनाव काय?" आडनाव सांगितले की मालक जरा थांबत, आत घराकडे पाहत आणि म्हणत, "अहो, काय सांगायचं, कालच दिली खोली. पाटी काढायची राहून गेली."

पहिल्या ठिकाणी आम्हाला ते खरे वाटले. दुसऱ्या ठिकाणीही वाटले. तिसऱ्या ठिकाणी तेच वाक्य ऐकल्यावर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न बोलता परत फिरलो. आठ दिवसांनी त्याच रस्त्याने गेलो, तर पाटी तशीच लोंबत होती.

शेवटी आपल्याच वस्तीत एका आजींकडे पत्र्याची खोली मिळाली. भाडे २५० रुपये. आजींनी आडनाव विचारले नाही. "पाच तारखेला भाडं द्यायचं, अन् भिंतीला खिळा ठोकायचा असंल तर आधी मला विचारायचं," एवढ्या दोनच अटी. त्या खोलीत आम्ही सात वर्षे राहिलो. आमची दोन्ही मुले तेथेच झाली. सोडताना आम्ही भिंतींना चुना मारून दिला. आजी म्हणाल्या, "माझ्यापेक्षा तुम्हीच खोली नीट ठेवली."

हे आज लिहायचे कारण असे की, आता आम्हीच घरमालक झालो आहोत. घरमालक म्हटले की डोळ्यांसमोर मोठा पोट सुटलेला माणूस येतो. आम्ही तसे नाही. आमच्यासारखे अनेकजण आपल्या समाजात आज आहेत. एखादा गुंठा जागा घ्यायची, खाली आपण राहायचे, वर दोन खोल्या काढायच्या आणि त्यांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता भरायचा. आमचे घरही असेच २०११ मध्ये उभे राहिले. फंडातून काढलेले पैसे, मोडलेले दोन दागिने आणि पतसंस्थेचे कर्ज. हप्ता ४,२०० रुपये आणि वरच्या दोन खोल्यांचे भाडे ३,५०० रुपये. म्हणजे वरची खोली रिकामी राहिली की खालची चूल ढिली पडणार, असा हिशेब. लहान घरमालकाची ही अडचण भाडेकरूला दिसत नाही, आणि भाडेकरूची अडचण घरमालक लवकर विसरतो. आम्हीही विसरलो. ते कसे, हे लपवून न ठेवता सांगतो.

पहिले भाडेकरू एक शिक्षक आणि त्यांची पत्नी. सहा वर्षे राहिले. एक तारखेला भाडे, जिना झाडलेला, नळ टपकला तर स्वतःच वायसर बदलायचे. कागद नाही, पत्र नाही. त्यांची बदली झाली तेव्हा आम्ही त्यांना बसस्थानकावर पोचवायला गेलो. या चांगल्या माणसांमुळे एक वाईट गोष्ट झाली. आम्हाला वाटू लागले की भाडेकरू ठेवायला फक्त माणूस ओळखता आला पाहिजे, कागद कशाला?

२०१७ च्या जूनमध्ये चार मुले आली. आयटीआय करून अंबडच्या कारखान्यांत नुकतीच लागलेली. विहारात येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने पाठवलेली. दारात उभे राहून चौघांनी हात जोडले, "जयभीम काका, जयभीम काकू." झाले! आम्हाला आमचे १९९४ साल आठवले. आपली पोरे आहेत, त्यांनी कोठे जायचे, असे म्हणून आम्ही त्याच संध्याकाळी किल्ली दिली. अनामत ५,००० रुपये. कोण कोठे कामाला, आधी कोठे राहत होते, तेथून का निघाले, काही विचारले नाही. आधार कार्डाची प्रतसुद्धा घेतली नाही. विचारणे आम्हाला कमीपणाचे वाटले.

चार महिने बरे गेले. मग चारांची सहा झाली. रात्रपाळीचे दोन आणि दिवसपाळीचे चार, म्हणजे जिन्यावर चोवीस तास पावले. भाडे पाच तारखेचे पंधरावर गेले, पुढे ते थांबले. विचारले की, "ठेकेदाराने पगार अडवलाय काका." ते खोटेही नसेल. कंत्राटी पोरांचे पगार अडतात हे आम्हाला काय ठाऊक नाही? पण आमचा हप्ता पतसंस्था अडवत नव्हती.

दोन महिने भाडे थकले तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. रागाच्या भरात आम्ही वरच्या पाण्याचा कॉक बंद केला. एक दिवस. त्या दिवशी ती मुले शेजारच्या गल्लीतून बादल्यांनी पाणी आणताना आम्ही पाहिली. पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात बादली घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. रात्री आम्हाला जेवण गेले नाही. सकाळी कॉक सोडला. नंतर ओळखीच्या एका वकिलांनी सांगितले की, भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. कायदा नसता तरी ती गोष्ट चूकच होती.

२०१८ च्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी वर हालचाल दिसेना. जाऊन पाहिले तर दाराला कुलूप आणि किल्ली खिडकीत. मुले रात्रीतून गेली होती. आत गेलो आणि दारातच बसलो. संडासाचे भांडे फुटलेले. मोरीचे दार खालून लाथेने फोडलेले. ओट्याचा कडप्पा तडकलेला. पंख्याचे पाते वाकलेले. भिंतीभर खिळ्यांची भोके आणि काजळी. मोरीच्या जाळीत गुटख्याच्या पुड्या कोंबून पाणी तुंबलेले.

त्या वेळचा हिशेब वहीत आहे, तो जसाच्या तसा देतो. संडासाचे भांडे बसवणावळीसह ३,८०० रुपये. दार २,६००. कडप्पा १,९००. पंखा १,४००. रंग व भिंतींची डागडुजी ५,५००. तुंबलेले चेंबर ९००. दोन महिन्यांचे वीजबिल २,३४०. एकूण १८,४४० रुपये. शिवाय थकलेले भाडे ७,०००. हाताशी अनामत फक्त ५,०००. म्हणजे २०,४४० रुपयांचा खड्डा, आणि दुरुस्तीसाठी दोन महिने खोली रिकामी. पोलिसांत जावे तर जवळ कागद नाही. चौघांची पूर्ण नावेही आम्हाला नीट सांगता येईनात. ज्याने पाठवले तो म्हणाला, "मी फक्त पत्ता दिला, जबाबदारी थोडीच घेतली होती?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

मग गल्लीत सल्ले सुरू झाले. "पोरांना खोली द्यायचीच नाही." "एकट्या बाईला नाही." "बाहेरच्या प्रांताच्या माणसाला नाही." "मुसलमानाला तर नाहीच नाही." प्रत्येकाची यादी निराळी, पण शेवट एकच, "आपल्या माणसालाच द्या." आम्ही मान हलवीत होतो. खोली फोडून गेलेली पोरे आपलीच होती, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. नुकसान झाले की माणूस विचार करायचे सोडून कुंपण घालायला लागतो.

मे महिन्यात पाटी लावली. दोनच दिवसांत संध्याकाळी एक कुटुंब आले. नवरा टेम्पो चालवणारा, बायको घरी शिवणकाम करणारी, दोन लहान मुले. निफाड तालुक्यातले, बोलणे आपल्यासारखेच. त्यांनी खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, बाईंनी शिलाई मशीन कोणत्या खिडकीपाशी बसेल तेही पाहिले. आम्ही विचारले, "नाव काय?" त्यांनी नाव सांगितले. आम्ही जरा थांबलो, आत पाहिले, आणि म्हणालो, "अहो, काय सांगायचं, कालच दिली खोली. पाटी काढायची राहून गेली."

हे वाक्य आमच्या दोघांपैकी कोणाच्या तोंडून निघाले ते येथे सांगत नाही. दुसऱ्याने ते ऐकले आणि गप्प राहिला. संसार दोघांचा, तशी चूकही दोघांची.

ते "बरं" म्हणाले आणि मुलांचे हात धरून जिना उतरले. धाकटी पोर वळून पाहत होती.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. चोवीस वर्षांपूर्वी ऐकलेले वाक्य आमच्याच तोंडी जसेच्या तसे कसे आले? कोणी शिकवले नव्हते. ते आमच्यात साठून राहिले होते. बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग आपल्या घराघरांत माहीत आहे. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तेथून बाहेर काढले. तो प्रसंग वाचताना आपल्याला काठ्या आठवतात. त्या रात्री आम्हाला त्याच्या पुढचा भाग आठवला. बाबासाहेब नंतर दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही काठी उचलली नाही. दोघे सभ्यपणे बोलले, अडचण सांगितली आणि घरात घेतले नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेबांना बागेत बसून राहावे लागले. आम्ही त्या संध्याकाळी त्या सभ्य मित्रांच्या रांगेत जाऊन बसलो होतो.

सकाळी आम्ही दोघे सातपूरच्या नाक्यावर गेलो. टेम्पो तेथे उभा असतो असे त्यांनी बोलता बोलता सांगितले होते. त्यांना गाठले आणि म्हणालो, "दादा, काल सांगितलं ते खोटं होतं. खोली रिकामी आहे. राग नसेल तर परत येऊन बघा."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत होतं काका. रात्री परत त्याच रस्त्यानं गेलो, पाटी तशीच होती."

यावर काय बोलणार? आम्ही माफी मागितली. ते दुपारी बायकोला घेऊन आले. येथपर्यंत झाले ते मनाचे. पण २०,४४० रुपयांचा खड्डाही खरा होता आणि तो लाज वाटल्याने भरणार नव्हता. या वेळी आम्ही नुसत्या भावनेवर किल्ली दिली नाही. वकिलांकडे जाऊन सगळे विचारून घेतले होते, आणि विचारायचे ते सगळे विचारले. आडनाव मात्र त्यात नव्हते.

काय विचारले? सध्या कोठे राहता, तेथून का सोडता? आधीच्या घरमालकांचा फोन द्याल का? खोलीत नक्की किती माणसे राहणार? काम कोठे, महिन्याची आवक साधारण किती? घरभाडे आवकीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेले की चांगला माणूसही थकबाकीत जातो, हे आमच्या अनुभवाचे गणित. त्यांचे भाडे आम्ही ४,००० ठरवले आणि अनामत तीन महिन्यांची, १२,००० रुपये. आधीच्या घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे, मुलाच्या लग्नासाठी आम्हालाच खोली लागतेय." एवढ्या एका फोनला दोन मिनिटे लागली. चार मुलांच्या वेळी तो केला असता तर?

दुसरी गोष्ट कराराची. आपल्याकडे समज असा आहे की अकरा महिन्यांचा करार शंभराच्या कागदावर लिहिला की झाले, त्याची नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत खरे धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हे ऐकून आम्ही दचकलो. आधीची सात वर्षे आम्हीच कायद्याच्या चुकीच्या बाजूला होतो.

खर्च मात्र वाटला तेवढा नाही. अकरा महिन्यांचे भाडे ४४,००० आणि अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे धरलेले व्याज १,१००, असे ४५,१०० रुपयांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे एकशे तेरा रुपयांच्या आसपास. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटला. दोघांचे अंगठे यंत्रावर घेतले, फोटो काढले, कागद झाला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही दिली. नोंदलेला करार असला की, मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि जास्त राहिल्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने मागता येते. एवढे संरक्षण एका जेवणावळीच्या खर्चात मिळते.

तिसरी गोष्ट यादीची. सामान चढवण्याआधी आम्ही चौघे वर गेलो. दारे, कड्या, नळ, पंखे, दिवे, बेसिन, ओटा, काचा, सगळ्यांची यादी केली. मोरीच्या एका फरशीला आधीचा तडा होता, तोही लिहिला. मोबाईलवर फोटो काढले आणि ते त्यांनाही पाठवले. पोटमीटरचे आकडे लिहिले. खाली दोघांच्या सह्या. बाईंनी यादी स्वतः वाचली आणि म्हणाल्या, "काकू, खिडकीची एक काच सैल आहे, ती लिहा." आम्हाला तेव्हाच वाटले, हे माणूस टिकणार.

ते कुटुंब चार वर्षे राहिले. दर अकरा महिन्यांनी करार नवा केला. सगळे सुरळीत झाले असे नाही. शेजारचे एक गृहस्थ सहा महिने आमच्याशी बोलत नव्हते. मग त्यांच्याच घरातले ब्लाउज वर शिवायला जाऊ लागले आणि बोलणे आपोआप सुरू झाले.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली. टेम्पो बंद, शिवणकाम बंद. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितले होते. ते पत्रक निघण्याआधीच भाऊ खाली येऊन म्हणाले, "काका, या महिन्यात जमणार नाही, पण बुडवणार नाही." आम्ही म्हणालो, "वहीत लिहून ठेवू." तीन महिन्यांचे १२,००० लिहिले. आमचा हप्ता साठवणीतून भरला, ओढाताण झाली. पुढे भाड्याबरोबर दरमहा १,००० याप्रमाणे वर्षभरात त्यांनी ते फेडले. दर वेळी वहीत दोघांच्या सह्या. चार मुलांनाही आम्ही असे बसवून बोललो असतो, हप्ते बांधून दिले असते, तर कदाचित ती रात्रीतून गेली नसती. पाण्याचा कॉक बंद करून आम्ही बोलण्याचे दारच बंद केले होते.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. आधीचे आम्ही असतो तर वर जाऊन ओरडलो असतो. प्लंबर बोलावला. त्याने भिंत फोडून दाखवले, आतल्या जुन्या पाइपाचा सांधा सुटला होता. तो खर्च २,२०० रुपये आमचा. त्याच्या आधी त्यांच्या मुलाने बेसिनवर चढून ते फोडले होते. भाऊंनी त्याच दिवशी खाली येऊन सांगितले आणि १,४५० रुपये भरून नवे बसवले. तो खर्च त्यांचा.

यातून आम्हाला झीज आणि नासधूस यांतला फरक कळला. रंग उडणे, वायसर झिजणे, बिजागरी करकरणे, पाइप जुना होणे, ही वापराची झीज. भाडे घेतो ते त्याचेच. ती घरमालकाने सोसायची. फोडलेले, जाळलेले, मोडलेले, कोंबून तुंबवलेले, ही नासधूस. ती ज्याने केली त्याने भरायची. हा फरक कळल्यावर आम्ही चार मुलांचा जुना हिशेब पुन्हा काढला. रंगाचे ५,५०० त्यांच्या नावावर लिहिले होते. पण घर बांधल्यापासून आम्ही रंग दिलाच कोठे होता? सहा-सात वर्षांच्या भिंतीचा सगळा रंग आठ महिने राहिलेल्या मुलांच्या माथी मारणे बरोबर नव्हते. भोके त्यांची, पण उडालेला रंग आमचाच. फुटलेले भांडे आणि दार यांचा राग आहे, तो आजही आहे. पण हिशेब खरा असावा.

२०२२ च्या मे महिन्यात मुलांच्या शाळेजवळ जागा मिळाली म्हणून ते कुटुंब निघाले. यादी घेऊन आम्ही पुन्हा वर गेलो. एक काच फुटलेली होती, ६०० रुपये. विजेचा एक बोर्ड जळालेला होता, ४५०. दोन्हींची बिले दाखवली. १२,००० तून १,०५० वजा जाता १०,९५० रुपये त्याच दिवशी हातात दिले. रंगाचा एक रुपया कापला नाही, कारण चार वर्षांत रंग जायचाच. भाऊंनी पैसे मोजले, सही केली. बाईंनी जाताना जिना धुऊन काढला होता. आम्हाला आमचा खोली सोडतानाचा चुना आठवला.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्यात कोणी घरमालक आहेत, पुष्कळजण भाडेकरू आहेत. दोघांनाही आमचे सांगणे आहे.

ज्यांनी वर एखादी खोली काढली आहे त्यांनी घाई करू नये. एक महिना खोली रिकामी राहिली तर एका महिन्याचे भाडे जाते, चुकीचा निर्णय झाला तर वर्षाचे जाते. ओळखीचा असो की अनोळखी, सर्वांना सारखेच प्रश्न विचारा आणि सर्वांकडून सारखेच कागद घ्या. "आपलाच आहे" म्हणून सूट दिली की पुढे त्याच्याशीच वैर होते. प्रश्न कामाचे आणि वागणुकीचे असावेत, जातीचे, धर्माचे आणि ताटात काय वाढले आहे त्याचे नसावेत. भाड्याची पावती द्या, कायद्याने ती द्यावीच लागते. खोली पाहायला जायचे असेल तर आधी सांगून जा. खोली आपली असली तरी घर त्यांचे आहे. आणि कितीही राग आला तरी पाणी, वीज तोडू नका, सामान बाहेर टाकू नका.

जे भाड्याने राहतात त्यांनी करार मागावा. नोंदणी म्हणजे आपल्याला बाहेर काढण्याची युक्ती, असे समजू नये. ठरलेली मुदत, ठरलेले भाडे आणि अनामतीची रक्कम त्यात लिहिलेली असते, म्हणून तो कागद तुमचाही आहे. आत जाताना तुम्हीही फोटो काढून ठेवा. काही फुटले तर त्याच दिवशी सांगा. लपवलेली गळती दुप्पट खर्चाची होते. भाडे अडले तर तोंड चुकवू नका, खाली येऊन बोला. घरमालकाच्या डोक्यावरही बहुधा कोणाचा तरी हप्ता असतोच.

आमची ती चार मुले आज कोठे असतील, ठाऊक नाही. आता त्यांची लग्ने झाली असतील, कदाचित कोणी घरही बांधले असेल. त्यांपैकी कोणी हे वाचले, तर त्याने ओळखावे. पैसे आणून द्यावेत अशी अपेक्षा नाही. येऊन चहा घ्यावा. आम्हालाही त्या एका दिवसाच्या पाण्याबद्दल त्यांना काही सांगायचे आहे.

गेल्या महिन्यात खोली पुन्हा रिकामी झाली. पाटी लावली. पहिल्या दिवशी तीनजण आले. तिघांना तेच प्रश्न विचारले. दोघांना खोली देता आली नाही. एकाकडे माणसे जास्त होती, दुसऱ्याला भाडे झेपणारे नव्हते. दोघांनाही खरे कारण समोर बसवून सांगितले. ते सांगताना जीभ अडखळली, पण सांगितले. तिसऱ्या कुटुंबाशी करार झाला, आणि ज्या दिवशी खोली दिली त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, आम्ही पाटी काढून ठेवली.